गोळी का नाही काढली? तुम्ही विचारलंत म्हणून

मागच्या महिन्यात एका लग्नात जेवायला बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांना कोणीतरी सांगितलं असणार की हे मिलिटरीत मेंदूचे सर्जन होते, त्यांनी हातातला घास तसाच ठेवला आणि विचारलं, "डॉक्टर, आमच्या नात्यातल्या एका मुलाला डोक्यात गोळी लागली. ऑपरेशन झालं, वाचला, आता चालतो-बोलतो. पण गोळी आतच आहे. डॉक्टरांनी काढलीच नाही म्हणे. असं कसं काय?" आणि लगेच फोन काढून सीटीचा फोटो दाखवला. करड्या मेंदूत एक पांढराफटक ठिपका आणि त्याच्या चारी बाजूंना फुटलेली किरणं. धातू असला की सीटीत असंच दिसतं, त्यामुळे गोळी आहे त्याच्यापेक्षा खूप मोठी वाटते आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

हा प्रश्न मला जवळजवळ तीस वर्षं विचारला जातोय. जवानांच्या वडलांनी विचारलाय, त्यांच्या सीओंनी (पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरनी) विचारलाय. रिटायर होऊन पुण्यात प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा गावठी कट्ट्याच्या केसमध्ये तपासाला आलेल्या पीएसआयनी विचारलाय (त्यांना ती पुरावा म्हणून सीलबंद हवी असते, त्यात त्यांचं काही चुकत नाही, पण जिवंत माणसाच्या मेंदूतून पुराव्यासाठी गोळी काढायची नसते). कोर्टात उलटतपासणीत वकिलांनी विचारलाय, माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा विचारलाय. मी दरवेळी दोन वाक्यांत सांगतो की काढायची गरज नसते आणि काढायला गेलं तर जास्त नुकसान होतं. आणि दरवेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर एकच दिसतं, की हा डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला सांभाळून घेतोय. म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितो, आणि लिहायचंच तर जे पंगतीत सांगता येत नाही तेही लिहितो.

आपल्या मनात काय असतं, तर काटा. काटा रुतला, ठसठसतोय, काढला की बरं वाटतं. सिनेमातही तेच दाखवतात, चिमट्याने गोळी ओढून काढायची, ट्रेमध्ये टण्णकन टाकायची आणि बाहेर येऊन सांगायचं की आता धोका टळला. पण गोळीला जे करायचं असतं ते ती थांबायच्या आधीच करून झालेलं असतं. रायफलची गोळी सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास वेगाने येते, पिस्तुलाची साधारण त्याच्या निम्म्याने, आणि तिची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. मेंदूतून जाताना ती फक्त स्वतःच्या जाडीचं भोक पाडत नाही, आजूबाजूचा मेंदू क्षणभर बाहेर फेकला जातो, तिच्या जाडीच्या कितीतरी पट पोकळी तयार होते आणि मिटते, आणि हे सगळं कवटीच्या बंद डब्यात. म्हणून डोक्यात गोळी लागलेली बहुतेक माणसं जागेवरच जातात, आमच्यापर्यंत पोचतच नाहीत. जे पोचतात त्यांच्या डोक्यात थांबलेली गोळी म्हणजे शिशाचा एक तुकडा, जो पुढे बहुतेक वेळा काहीही करत नाही. शिसं अंगात भिनेल अशी भीती सगळ्यांना असते. सांध्याच्या पाण्यात अडकलेल्या गोळीचं तसं होऊ शकतं, मेंदूत ते फार क्वचित.

मग ऑपरेशन कशाचं करतात? बाहेरची जखम साफ करायची, कवटीचे जे तुकडे आत घुसलेत त्यातले हाताशी येतील तेवढे काढायचे, रक्ताची गाठ दाबत असेल तर ती काढायची, मेलेला पिठूळ मेंदू हलक्या सक्शनने धुऊन घ्यायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेंदूवरचं ड्युराचं आवरण पाणी गळणार नाही असं शिवायचं. कमी पडलं तर कवटीवरचं पातळ पटल किंवा मांडीचं अस्तर घेऊन ठिगळ लावायचं. मेंदू सुजणार असेल तर कवटीचा मोठा तुकडा काढूनच ठेवायचा, आपल्याकडे तो पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. पाकिस्तानातल्या मलालाचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, तिला गोळी लागली ९ ऑक्टोबर २०१२. तिच्या बाबतीत गोळी मेंदूत शिरलीच नव्हती, ती कातडीखालून खांद्याकडे गेली, पण तिच्या धक्क्याने कवटीचं हाड फुटून आत गेलं आणि मेंदू सुजला. पेशावरच्या सर्जननी वेळेत कवटी उघडली म्हणून ती वाचली, मग फेब्रुवारी २०१३ मध्ये बर्मिंगहॅमला तिथे टायटॅनियमची प्लेट बसवली. जीव वाचवला तो उघडलेल्या कवटीने, पण मी हे सांगितलं तरी माणसं विचारतात, "आणि गोळी?"

आता तुम्ही म्हणाल की मग डॉक्टर लोक आधी गोळ्या काढायचे ते काय वेडे होते का. नव्हते. पहिल्या महायुद्धात १९१७ साली हार्वी कुशिंग हे अमेरिकन मेंदूचे सर्जन बेल्जियमच्या आघाडीवर होते, तिथे मेंदूत जखम गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मरत होते आणि मोठं कारण होतं पू. अँटिबायोटिक नावाची गोष्टच नव्हती. त्यांनी जखमेचा मार्ग रबरी नळीने ओढून धुवायला सुरुवात केली, हाडाचे कण एकेक काढले, धातू काढायला लोहचुंबक वापरलं, आणि तीन महिन्यांत मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या खाली आणलं. एवढा मोठा फरक पडल्यावर जे शिकवलं जाणार तेच शिकवलं गेलं, की आत काही ठेवू नका. कोरिया, व्हिएतनाममध्ये तर ऑपरेशननंतर एक्स-रे काढून हाडाचा कण राहिलेला दिसला की परत उघडायचे. माझ्या गुरूंचे गुरू त्याच वळणाचे. मग १९८२ ते ८५ लेबनॉनमधल्या लढाईत इस्रायली सर्जनांनी सीटी बघून कमीत कमी हात घालायचं ठरवलं, ४६ जणांवर जवळजवळ सहा वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात तुकडे राहिले होते, आणि तुकडे राहिले म्हणून पू झाला किंवा फिट्स वाढल्या असं काही दिसलं नाही. हे १९९० मध्ये छापून आलं.

ते १९९० चं मी का सांगतोय, तर तो पेपर मी वाचला होता. वाचला होता एवढंच नाही, ट्रेनिंगमध्ये असताना आमच्या जर्नल क्लबमध्ये (नवे पेपर वाचून चर्चा करायची बैठक) तो मीच सादर केला होता, ट्रान्सपरन्सीवर स्केचपेनने लिहून. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

१९९८ चा हिवाळा. उत्तरेतल्या एका आर्मी हॉस्पिटलात पोस्टिंग, ट्रेनिंग संपून दोनच वर्षं झालेली. दुपारी हेलिकॉप्टरने कॅज्युअल्टी आली. चोवीस वर्षांचा जवान, सातारा जिल्ह्यातला (गावाचं नाव लिहीत नाही). डाव्या कानाच्या वर बोटाच्या पेराएवढी जखम, आरएमओने (पलटणीच्या डॉक्टरने) बांधलेली पट्टी रक्ताने वाळून कडक झालेली. गोळी आधी दगडावर आपटून आलेली असणार, कारण तिचा जोर संपलेला होता, नाहीतर तो माझ्यापर्यंत पोचलाच नसता. तो शुद्धीत होता. माझ्या छातीवरची नावाची पट्टी त्याने बघितली आणि अडखळत म्हणाला, "सर, तुम्ही आपल्याकडचे?" मी हो म्हणलं. पेन दाखवून विचारलं हे काय, तर म्हणाला, "ते... लिहायचं." शब्द सापडत नव्हता पण पेन म्हणजे काय हे कळत होतं. उजव्या हाताची पकड थोडी ढिली. शुद्ध किती आहे ते मोजायच्या ग्लासगो स्केलवर १४, म्हणजे पंधरातला एकच मार्क कमी. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेताना म्हणाला, "सर, आईला आत्ता कळवू नका, तिला बीपी आहे." हे त्याचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, कारण त्यानंतर त्याच्या तोंडून अख्खं वाक्य कोणी ऐकलेलं नाही.

सीटीत हाडाचे चार-पाच तुकडे जखमेखाली, थोडं रक्त, आणि तिथून मागे आत गेलेला पाच-सहा सेंटिमीटरचा मार्ग, शेवटी गोळी. डाव्या बाजूला, खोल, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या भिंतीजवळ. डावी बाजू म्हणजे त्याची बोलण्याची, समजण्याची बाजू.

अर्धं ऑपरेशन बरोबर झालं, ते मी आजही तसंच करीन. जखमेच्या कडा कापल्या, हाड काढलं, रक्त काढलं, मेंदू छान शांत होता, ठोके दिसत होते. भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "सर, क्लोज करताय ना?" मी म्हणलं, "पाच मिनिटं." ती पाच मिनिटं पावणेदोन तास चालली. मार्ग समोर दिसत होता, मला वाटलं त्याच मार्गाने हळूच आत जायचं, गोळी दिसेल, पकडायची, यायचं. पण जिवंत मेंदूत असा मार्ग उघडा राहत नाही, तो मिटतो, त्यात रक्त असतं, कडा लोण्यासारख्या असतात. मी स्पॅच्युलाने बाजूचा मेंदू धरला, तो सुटायला लागला म्हणून आणखी बाजूने गेलो, फोर्सेपचं टोक धातूला लागल्याचं हाताला कळलं आणि गोळी पुढे सरकली. परत शोधली, परत सरकली. मध्येच एक शीर फाटली, ओटी एकदम गप्प, फक्त सक्शनचा आवाज, कापसाची पॅटी लावून धरून बसलो, शीर बायपोलरने (विजेच्या चिमट्याने) जाळली. शेवटी ती आली. ट्रेमध्ये टाकली तेव्हा अगदी सिनेमातल्यासारखा आवाज झाला. ओटी असिस्टंट म्हणाला, "मिल गया साब." आणि मला आनंद झाला. हे लिहायला जड जातंय पण झाला, खूप झाला.

तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर काढला. डोळे उघडे, माझ्याकडे बघतोय, आणि काही नाही. बोलत नाही, सांगितलेलं कळत नाही, उजवा हात पूर्ण पडलेला. नवीन सीटी लावला लाइटबॉक्सवर. गोळीचा मार्ग होता तिथेच होता, आणि त्याच्या बाजूने खाली एक नवीन काळा पट्टा, म्हणजे मेलेला मेंदू, फाटलेल्या शिरेच्या हद्दीतला. तो माझा मार्ग. त्या बॉक्ससमोर मी किती वेळ उभा होतो माहीत नाही.

चार दिवसांनी वडील आले, दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून, धोतर, अंगात मिलिटरीचा जुना स्वेटर, स्वतःही पलटणीतून रिटायर झालेले. मी त्यांना सांगायला सुरुवात केली की बोलणं येईल का नाही सांगता येत नाही, त्यांनी मध्येच विचारलं, "साहेब, गोळी?" मी म्हणलं, काढली. ते वाकून माझ्या पाया पडले. म्हाताऱ्या माणसाने, वर्दीतल्या पोराच्या. "गोळी काढलीत, पोरगं वाचवलंत, उपकार झाले." आणि मी त्यांना उठवलं, पाठीवर हात ठेवला आणि गप्प राहिलो. पुढे कागदपत्रं होऊन ती गोळी त्यांनी मागून घेतली, रुमालात बांधून नेली.

तुम्हाला खरं उत्तर हवं होतं ना, तर हे आहे. मी गोळी का काढत नाही, कारण मी एकदा काढलीये.

पण एवढ्यावर थांबलो तर पुन्हा तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल, कारण १९९८ चा तो मेजर, म्हणजे तेव्हाचा मीच, अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, तू आता वीस-पंचवीस वर्षांनी बोलतोयस. तेव्हा आपल्या वॉर्डात पू होऊन मेलेला जवान तू स्वतः बघितला होतास की नाही? सीनियरनी प्रत्येक राउंडला विचारलं असतं की नाही, की फॉरेन बॉडी का ठेवलीस? सकाळी सीओंचा फोन आला होता की नाही, "डॉक, गोली निकाल दो, लड़का ठीक हो जाएगा"? आला होता. पण सीओ ओटीत नव्हते, सीनियरही नव्हते. मॅडमनी विचारलं तेव्हा शिवायला सुरुवात करण्यापासून मला कोणीही अडवलेलं नव्हतं. त्यावर तो म्हणतो, आणि सूज येऊन त्याचं बोलणं तसंही गेलं असतं तर? गोळीच्या आजूबाजूचा मेंदू दोन-तीन दिवसांनी सुजतोच, हे तूच रेसिडेंटना शिकवतोस. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. काळा पट्टा मी बघितलाय, पण तो नसता तर काय झालं असतं हे कुठल्या फिल्मवर दिसत नाही.

२००१ मध्ये भेदक मेंदूइजांसाठी मार्गदर्शक तत्त्वं छापून आली, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की दूरवरचे तुकडे शोधायला जाऊ नका, सुरक्षितपणे हाताशी येतील तेवढेच काढा, ड्युरा नीट बंद करा, अँटिबायोटिक द्या, पहिला आठवडा फिटची औषधं द्या. मी ते पान किती वेळा वाचलं असेल. तेव्हापासून मी पाळत आलोय, आणि तेच शिकवलं. गोळी वरवर असेल, पाण्याच्या पोकळीत लोंबकळत वाट अडवत असेल, मोठ्या शिरेला टेकलेली असेल, जागा बदलत असेल (बदलते, म्हणून नंतर एक्स-रे करायला लावतो), तर तेव्हा विचार करायचा.

आणि तरीसुद्धा. २००६ साली एक पेशंट होता, स्प्लिंटर (उडून आलेला धातूचा तुकडा) भुवईच्या वरून, तिथल्या हवेच्या पोकळीतून मेंदूत गेलेला. मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. पोकळी बंद केली, ठिगळ लावलं, स्प्लिंटर आणि त्याच्यासोबत खोल गेलेला हाडाचा एक कण सोडून दिला. पाच महिन्यांनी ताप आणि डोकेदुखी घेऊन परत आला. नाकातून अधूनमधून पाणी येत होतं म्हणे, सर्दी समजून कोणाला सांगितलं नाही. सीटीत लिंबाएवढं गळू, आणि बरोब्बर मध्ये तो हाडाचा कण. परत उघडलं, पू काढला, वाचला. पण कपाळामागचा मेंदू गेला की माणसाचा स्वभाव जातो, त्याची बायको एकदा म्हणाली, "परत आले ते दुसरेच कोणीतरी आले." त्याच्या भावाने मला ओपीडीत सगळ्यांसमोर विचारलं, "तेव्हाच काढलं असतं तर?" मी सांगितलं, गळू झालं ते पाणी गळत होतं म्हणून, तुकड्यामुळे नाही. शास्त्राने हे बरोबर आहे, ड्युरा गळणं हेच इन्फेक्शनचं सगळ्यात मोठं कारण असतं. पण गळत होतं म्हणजे माझी शिलाई कमी पडली होती, आणि पू त्या कणाभोवतीच होता, आणि तो भाऊ काही मूर्ख नव्हता.

लोकांना दुसरी एक गोष्ट कळत नाही, की काही जणांना आम्ही ऑपरेशनला घेतच नाही. डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या मोठ्या आणि उजेडाला हलत नाहीत, ग्लासगो ३ किंवा ४, गोळी एका बाजूने शिरून मधली रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूला गेलेली. अशांमधले नव्वद टक्क्यांहून जास्त जातात, काहीही केलं तरी, असं आम्ही शिकलो आणि तसंच नातेवाइकांना सांगत आलो. त्यांना ऐकू येतं, "डॉक्टरांनी प्रयत्नच केला नाही." मी ह्याबद्दल चिडायचो. मग अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टूसॉनचं काम वाचलं. तिथेच ८ जानेवारी २०११ ला गॅब्रिएल गिफर्ड्स ह्या खासदार बाईंना गोळी लागली होती, डाव्या मेंदूतून आरपार, हॉस्पिटलात पोचल्यापासून ३८ मिनिटांत त्या ओटीत होत्या. त्या ट्रॉमा सेंटरने ठरवलं होतं की डोक्यात गोळी लागलेला प्रत्येक पेशंट वाचणार आहे असं समजूनच रक्त, प्लाझ्मा, मेंदूची सूज उतरवणारी औषधं, सगळं सुरू करायचं. वाचणाऱ्यांचं प्रमाण २००८ मध्ये १० टक्के होतं ते २०११ मध्ये ४६ टक्क्यांवर गेलं. २०१४ मध्ये हे वाचलं त्या रात्री मी झोपलो नाही. म्हणजे आमचे ते नव्वद टक्के, त्यातले किती गोळीने गेले आणि किती आम्ही हात आवरता घेतला म्हणून? मी ज्यांच्या खाटेजवळून पुढे गेलो त्यांची मोजदाद मी ठेवलेली नाही. युद्धात एका वेळी पाच जण येतात, ओटी एकच असते, तेव्हा निवडावं लागतं, हे मी स्वतःला सांगतो आणि ते खरंच आहे. पण पुण्यात एका वेळी पाच येत नव्हते.

आणि वाचणं म्हणजे काय हेही विचारत चला. व्हिएतनाममधून डोक्याला भेदक जखम घेऊन परतलेल्यांवर लक्ष ठेवलं तेव्हा पंधरा वर्षांत निम्म्याहून जास्त, ५३ टक्के लोकांना फिट्सचा आजार झालेला होता. गिफर्ड्स बाई वाचल्या, चालायला लागल्या, पण बोलणं अजून तुकड्यातुकड्यांत आहे, जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. त्यांच्या मागे स्पीच थेरपिस्टची फौज होती. आपल्या जवानाच्या मागे एक बायको असते आणि पेन्शनसाठीचा मेडिकल बोर्ड.

साताऱ्याच्या त्या मुलाचं लग्न गोळी लागायच्या आधी सहाच महिने झालेलं होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, वडील आले तेव्हा त्याची बायको आली नव्हती. २०१९ मध्ये मी त्यांच्या घरी गेलो. का गेलो विचारू नका, एका कामाने साताऱ्याला गेलो होतो आणि गाडी तिकडे वळवली. वडील वारले होते, आईही. तो ओसरीवर बसलेला, पंचेचाळिशीचा, केस पांढरे व्हायला लागलेले, उजवा हात छातीशी वळलेला. मला ओळखलं की नाही कळलं नाही, हसला, म्हणाला, "बरं." तो शब्द त्याच्याकडे राहिलाय. हो म्हणजे बरं, नको म्हणजे बरं, पाणी पाहिजे तरी बरं, घरच्यांना सुरावरून कळतं. एक ते वीस अंक सलग म्हणतो, गणपतीत सगळ्यांबरोबर आरती म्हणतो, पण नुसतं पाच म्हण सांगितलं तर पाच येत नाही. पाठ झालेलं वेगळ्या वाटेने येतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. समोर बसून ऐकलं त्या दिवशी.

फिट्स महिन्याला दोन-तीन येत होत्या. बायको अजून फेनिटोइनच (फिटचं जुनं औषध) देत होती, १९९८ पासूनच्या चिठ्ठीवर, त्याने त्याच्या हिरड्या सुजलेल्या. मी औषध बदललं, नवीन कसं वाढवायचं आणि जुनं कसं हळूहळू कमी करायचं, एकदम बंद करायचं नाही, हे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिलं. ती कागद घेऊन उभी होती, आणि म्हणाली, "साहेब, एक विचारू का?"

मी म्हणलं, विचारा ताई.

"तेव्हा गोळी काढली नसती, तर हे बोलले असते का?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न उलटा मला कोणी विचारलेला नव्हता. वडलांनी नाही, सीओंनी नाही, बोर्डाने नाही. तिने कुठे काही वाचलं होतं असंही नाही, वीस वर्षं शेजारी बसून तिला तो सुचला होता. माझ्या तोंडात नेहमीचं आलं, सूज येते, सांगता येत नाही, प्रत्येक केस वेगळी असते. ते मी बोललोही, अर्ध्यापर्यंत. मग थांबलो आणि म्हणलं, "मला वाटतं, बोलले असते. पूर्वीसारखे नाही, पण बोलले असते."

ती काही म्हणाली नाही. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती ती पदराने पुसली. मग कागदाकडे बघत विचारलं, "ह्या नव्या गोळ्या जेवणाआधी द्यायच्या का नंतर?"

मी सांगितलं, कशाही चालतील, सकाळी एक, रात्री एक, फक्त चुकवायच्या नाहीत.